आडनाव इटालियन, म्हणजे माफियाच का?

हडसनकाठी

न्यू जर्सीत नव्याने घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की आता ऐकवत नाही. शेजारी कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "इटालियन आहेत. आम्ही आपले जपूनच असतो, कोणाचे कुठे लागेबांधे असतील सांगता येत नाही." मग हशा पिकतो आणि कोणीतरी गाल फुगवून, घोगऱ्या आवाजात डॉनची नक्कल करतं. ज्याच्याबद्दल हे चाललंय तो शेजारी पोस्टातून निवृत्त झालेला असतो, नाहीतर जन्मभर विटा रचून कंबर धरलेला गवंडी असतो. आपल्या लोकांच्या तोंडी हे येतं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे आपणही बाहेरूनच आलोय.

माझं म्हणणं सरळ आहे. माफिया टोळ्या होत्या आणि आहेत, हे कोणी नाकारत नाही. पण त्यांचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो इटालियन दुकानदारांनी आणि मजुरांनी. त्यांच्याविरुद्ध जे उभे राहिले त्यांतलेही कितीतरी जण इटालियनच होते. पडद्यावर या दोघांनाही फारशी जागा मिळाली नाही. तिथे उरला फक्त डॉन.

हा शिक्का सिनेमाने मारला असं आपल्याला वाटतं, पण तो सिनेमाच्या आधीचा आहे. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री न्यू ऑर्लिन्सचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याच्यावर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. हल्लेखोर इटालियन होते असं तो मरण्याआधी म्हणाला, असं त्याच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. बंदरावर फळांची जहाजं उतरवण्याच्या कामावरून दोन सिसिलियन घराण्यांत वैर होतं, हेही खरं. पण पोलिसांनी दिसेल तो इटालियन उचलायला सुरुवात केली. शेवटी नऊ जणांवर खटला चालला. १३ मार्च १८९१ ला निकाल लागला तेव्हा सहा जण सुटले आणि तिघांबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात उघड आवाहन छापून आलं: हेन्री क्लेच्या पुतळ्यापाशी जमा, तयारीनिशी या. हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला आणि ११ इटालियनांना ठार मारलं. त्यांतल्या काहींवर तर खटलासुद्धा चाललेला नव्हता. जमावाच्या पुढे गावातले नामांकित वकील होते. एकावरही कारवाई झाली नाही. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात सिसिलियनांना दरोडेखोरांची आणि मारेकऱ्यांची अवलाद म्हटलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने बहिणीला पत्र लिहिलं की झालं ते एकंदरीत बरंच झालं.

तारीख बघा, १८९१. शिकागोचा डॉन अल कपोन अजून जन्मायचा होता. दारूबंदी यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती.

आता जोसेफ पेट्रोसिनोबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याच्यासाठीच मी हा धागा काढलाय असं म्हटलं तरी चालेल. दक्षिण इटलीतल्या पादुला गावात १८६० साली त्याचा जन्म झाला आणि पोरवयात तो न्यूयॉर्कला आला. बूटपॉलिश केलं, रस्ते झाडले, आणि १८८३ मध्ये पोलिसात लागला. त्या काळी इटालियन वस्त्यांत 'काळा हात' या नावाने खंडणीची पत्रं यायची. कागदावर शाईने काढलेला काळा पंजा, खंजीर, कधी शवपेटी, आणि किती पैसे कुठे आणून ठेवायचे ते. ही पत्रं कोणाला यायची? बेकरीवाल्याला, न्हाव्याला, फळवाल्याला, चार पैसे गाठीला लागलेल्या एखाद्या कंत्राटदाराला. सगळे इटालियन. पैसे दिले नाहीत तर दुकानाच्या दारात बाँब फुटायचा, नाहीतर पोर पळवलं जायचं. गायक एन्रिको कारूसोलाही असं पत्र आलं होतं. पोलिसात भरणा आयरिश लोकांचा. त्यांना ना भाषा कळायची, ना या गरिबांच्या मोहल्ल्यात लक्ष घालायची इच्छा होती. पेट्रोसिनोने वरिष्ठांच्या मागे लागून इटालियन बोलणाऱ्या पोलिसांचं एक पथक उभं केलं. फळवाला होऊन, मजूर होऊन तो वस्तीत हिंडायचा. १९०९ मध्ये तिकडे शिक्षा भोगून अमेरिकेत आलेल्यांच्या नोंदी मिळवायला तो गुपचूप सिसिलीला गेला आणि तो निघाल्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात फुटली. १२ मार्चच्या रात्री पालेर्मोच्या पियात्झा मरीना चौकात त्याला गोळ्या घालून मारलं. न्यूयॉर्कला त्याच्या अंत्ययात्रेला दोन लाखांवर लोक लोटले. त्याच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

कपोनचं नाव आपल्याकडे शाळकरी पोराला माहीत असतं. पेट्रोसिनोचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

पुढचं थोडक्यात लिहितो. १९५१ मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉव्हरच्या समितीची सुनावणी टीव्हीवर दाखवली गेली. टोळीप्रमुख फ्रँक कॉस्टेलोने आपला चेहरा दाखवू नका म्हटल्यावर कॅमेऱ्याने त्याचे हात दाखवले. रुमाल चुरगळणारे, टेबलावर बोटं वाजवणारे ते हात लाखो घरांत पोचले. १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाकिन गावातल्या एका घरी जमलेले टोळीप्रमुख पोलिसांना बघून रानात पळाले. १९६३ मध्ये टोळीतलाच जोसेफ वलाची सिनेटपुढे बोलला आणि आतली सगळी रचना बाहेर आली. हे सगळं खरं आहे आणि बाहेर यायलाच हवं होतं. पण टोळ्यांचं हे चित्र घराघरांत पोचलं, आणि त्याच सुमारास दुसरं, साध्या इटालियन घराचं चित्र फारसं कोणी दाखवलं नाही.

एफबीआयचा स्वतःचा अंदाज असा की या टोळ्यांचे सदस्य आणि त्यांच्याशी जोडलेले मिळून देशभरात तीन हजारांच्या वर लोक असावेत. आपले पूर्वज इटालियन होते असं सांगणारे अमेरिकन दीड कोटीहून जास्त आहेत. म्हणजे पाच हजारांत कुठे एक. त्या एकापायी उरलेल्यांनी किती वर्षं हे ऐकून घ्यायचं?

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असले तर तेही लिहा.


रानजाई

न्यू ऑर्लिन्सचं काहीच माहीत नव्हतं. अकरा माणसं तुरुंगात घुसून मारली आणि सरकारने काही केलं नाही? इटलीने तरी काही केलं का?


हडसनकाठी

रानजाई, इटलीने आपला राजदूत माघारी बोलावला. युद्धाच्या वावड्यासुद्धा उठल्या होत्या. शेवटी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसनच्या सरकारने सुमारे २५ हजार डॉलर नुकसानभरपाई दिली. न्यू ऑर्लिन्स शहराने अधिकृत माफी मागितली ती एप्रिल २०१९ मध्ये, महापौर लाटोया कँट्रेल यांनी. म्हणजे १२८ वर्षांनी.


सेल्युलॉइड

लेख मनापासून लिहिलाय, पण सिनेमाबद्दल माझं वेगळं मत आहे आणि ते सविस्तर मांडतो.

'द गॉडफादर' (१९७२) कोणा परक्याने केलेला नाही. कादंबरी मारिओ पुझोची, दिग्दर्शन कोपोलाचं, दोघंही इटालियन स्थलांतरितांच्या घरातले. स्कोर्सेसी तर मॅनहॅटनच्या लिटल इटलीतच वाढला. या लोकांनी आपलं घर, आपलं जेवण, आपली लग्नं, आपला देव पहिल्यांदा पडद्यावर आणला. त्याआधी काय होतं? तीसच्या दशकात इटालियन गुंडाची कामं एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि पॉल म्युनी करत होते. दोघेही मोठे नट, पण ज्यू. इटालियन माणूस म्हणजे तोंडातल्या तोंडात मोडकं इंग्रजी बोलणारं एक सोंग होतं. १९७२ नंतर तो माणूस झाला. त्याला आई आहे, बहिणी आहेत, त्याला लाज वाटते, त्याला मुलगा वेगळ्या वाटेने जावा असं वाटतं. माझे इटालियन सहकारी या सिनेमांवर जीव टाकतात, त्यांच्या घरी पोस्टर लावलेलं असतं. मग आपण त्यांच्या वतीने दुखावून घ्यायचं का?

कलाकाराने गुन्हेगारावर लिहूच नये, आपल्या समाजाची बदनामी होते म्हणून गप्प बसावं, हे मला मान्य नाही. तसं केलं तर चांगलं काहीच उरणार नाही.


ओवी_पार्सिपनी

वाचतेय. सेल्युलॉइड, तुमचं पटतंय आणि नाहीही पटत. संध्याकाळी निवांत लिहिते.


हडसनकाठी

सेल्युलॉइड, कलाकाराने गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. तो सिनेमा मीही अनेकदा पाहिलाय आणि पुन्हा बघेन. पण पुझोची गोष्ट पूर्ण सांगूया.

'द गॉडफादर'च्या आधी, १९६५ मध्ये, त्याने 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम' नावाची कादंबरी लिहिली होती. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत पोरं वाढवणारी एक इटालियन विधवा, तिचा राग, तिची काटकसर, तिचा दरारा. समीक्षकांनी वाखाणली, खपली नाही. पुझोवर कर्ज होतं. त्यात थोडी माफिया जास्त असती तर पुस्तक चाललं असतं, असं प्रकाशकांकडून ऐकल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मग त्याने माफियावर लिहिलं, तेही अभ्यास करून. खऱ्याखुऱ्या गुंडाला आपण कधी भेटलो नव्हतो, असं तो सांगायचा. आणि डॉनच्या तोंडची शहाणपणाची वाक्यं, तो करारीपणा कुठून आला? आपल्या आईकडून, हेही त्यानेच सांगितलंय. आईची गोष्ट आईच्या नावाने लिहिली तेव्हा कोणी विकत घेतली नाही. तिचाच आवाज खुन्याच्या तोंडी दिला तेव्हा जगाने डोक्यावर घेतली. माझी तक्रार पुझोविरुद्ध नाहीच. त्याच्यापुढे जो बाजार उभा होता त्याच्याविरुद्ध आहे.

स्कोर्सेसीचंही तेच. १९७४ मध्ये त्याने आपल्याच आईवडिलांवर 'इटालियनअमेरिकन' हा माहितीपट केला. घरातल्या सोफ्यावर बसून दोघं बोलतात, एकमेकांना टोकतात, आई सॉस कसा करायचा ते सांगते, आणि शेवटी श्रेयनामावलीत त्या सॉसची कृती दिलीय. दोघांनीही जन्म कपड्यांच्या कारखान्यात घालवला. तो माहितीपट बघितलेला माणूस मला इथे अजून भेटायचाय. त्याचे गुंडांवरचे सिनेमे मात्र लोकांना पाठ आहेत.


सेल्युलॉइड

हा माहितीपट मी पाहिलेला नाही. बघतो. आईची गोष्ट माहीत होती, पण अशी जोडून बघितली नव्हती.

तरी एक भर घालतो. 'द सोप्रानोज' या माफिया टोळीवरच्या मालिकेच्या पहिल्याच हंगामात याच विषयावर भांडण आहे. त्यातला टोळीप्रमुख टोनी, त्याच्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाई स्वतः इटालियन. त्यांचा पूर्वीचा नवरा जेवणाच्या टेबलावर तावातावाने सांगतो की अशा लोकांमुळे आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं. म्हणजे लिहिणाऱ्यांना हा प्रश्न दिसत होता.


तपशीलराव

दोन्ही बाजूंनी थोडं भावनेच्या भरात चाललंय म्हणून काही नोंदी.

माफिया ही फक्त पडद्यावरची गोष्ट समजू नका. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारात, बांधकामाच्या काँक्रीटमध्ये, कापडाच्या धंद्यातल्या ट्रक वाहतुकीत, कचरा उचलण्याच्या कंत्राटांत या टोळ्यांनी कित्येक दशकं हात घातलेले होते. कामगार संघटनांचे पेन्शन फंड लुटले. त्याची किंमत सगळ्या शहराने मोजली. १९७० चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा रिको कायदा आला म्हणून टोळीचा म्होरक्या प्रत्यक्ष गोळी न झाडताही आत जाऊ लागला. १९८५-८६ च्या 'कमिशन' (टोळीप्रमुखांचं मंडळ) खटल्यात न्यूयॉर्कच्या टोळीप्रमुखांना मोठमोठ्या शिक्षा झाल्या.

आता हडसनकाठी यांच्या बाजूने. हा खटला उभा करणारा सरकारी वकील रुडी जुलियानी, इटालियन. पुढची त्यांची कारकीर्द हा वेगळा विषय, तो इथे नको. १९७६ पासून सहा वर्षांच्या आसपास नाव बदलून टोळीत राहिलेला एफबीआयचा जोसेफ पिस्टोन, इटालियन. पोलीस खात्यातली लाचखोरी चव्हाट्यावर आणणारा फ्रँक सर्पिको, इटालियन. १९३० च्या दशकात जुगाराची यंत्रं हातोड्याने फोडून समुद्रात टाकणारा न्यूयॉर्कचा महापौर फिओरेलो ला ग्वार्दिया, त्याचे वडील इटालियन. त्या यंत्रांच्या धंद्यात कॉस्टेलोच होता. म्हणजे गुन्हेगारही इटालियन आणि त्याला हाकलणाराही इटालियन, पण जगाने लक्षात ठेवला एकच.

आणि ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्या कार्यालयात इटालियन लोकांबद्दल बोलले. ते आपल्यासारखे नाहीत, वेगळे दिसतात, वेगळे वागतात, आणि अडचण अशी की त्यांच्यात एकही प्रामाणिक माणूस सापडत नाही. हे त्यांच्याच टेपवर आहे. पुढे वॉटरगेट प्रकरणात त्या टेप हजर करा असा हुकूम काढला न्यायाधीश जॉन सिरिका यांनी. वडील इटलीहून आलेले न्हावी. आणि निक्सनवर महाभियोग चालवावा असा ठराव १९७४ मध्ये ज्या संसदीय समितीने केला तिचे अध्यक्ष होते पीटर रोडिनो, आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्कचे, तेही इटालियन.


रानजाई

तपशीलराव, निक्सनचं वाचून काटा आला अंगावर. हे शाळेत शिकवायला हवं.


ओवी_पार्सिपनी

आता लिहिते. आमच्या बाजूच्या घरात एक आजी राहतात, नव्वदीला टेकलेल्या. नाव देत नाही. त्यांचे वडील कालाब्रियाहून आले, रेल्वेच्या रुळांवर काम केलं. दर ऑगस्टमध्ये त्यांचं गॅरेज रिकामं होतं आणि जर्सी टोमॅटोच्या पेट्या येतात. मुलं, सुना, नातवंडं सगळी हजर. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढायचे, हाताने फिरवायच्या यंत्रातून साल-बिया वेगळ्या करायच्या, काचेच्या प्रत्येक बरणीत तुळशीच्या जातीतलं ते बेझिलचं एक पान घालायचं, मग बरण्या मोठ्या पिंपात उकळायच्या. वर्षभराची बेगमी. आमच्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया व्हायच्या तेव्हा अंगणात जी गडबड असायची तशीच. मीही आता जाते मदतीला. पहिल्या वर्षी त्यांनी मला फक्त झाकणं पुसायला बसवलं होतं, आता यंत्र फिरवायला देतात.

त्यांच्या नातीने मागे वकिलीच्या एका कार्यालयात मुलाखत दिली. समोरच्या ज्येष्ठ गृहस्थांनी आडनाव वाचून हसत विचारलं, "घरचे धंदे सांभाळायला वकील लागतोय वाटतं?" ती पण हसली, कारण नोकरी हवी होती. घरी येऊन आजीला सांगितलं तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत, पण मला नंतर म्हणाल्या की माझ्या बापाला लोक तोंडावर शिवी द्यायचे, माझ्या नातीला हसून देतात, एवढाच काय तो फरक पडला शंभर वर्षांत.

सेल्युलॉइड, तुमच्या सहकाऱ्यांच्या घरी पोस्टर असेल. या आजींच्या घरी ती मालिका कधी लावली गेली नाही. दोन्ही इटालियन घरंच आहेत.


सेल्युलॉइड

ओवी, हे मी मान्य करतो. मी ज्यांना ओळखतो ती तिसऱ्या-चौथ्या पिढीतली, खाऊनपिऊन सुखी, चाळिशीतली माणसं. त्यांना डॉनचा रुबाब मिरवता येतो, कारण त्यांच्या आजोबांनी सोसलेलं त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.


माळरान

विषय वाचून इकडचं आठवल्याशिवाय राहवलं नाही. मी पारधी वस्त्यांवरच्या शाळांत काम केलंय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आजही पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये दिसेल तो इटालियन उचलला हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं.

फरकही आहे आणि तो सांगायला हवा. इटालियन लोकांना शिक्षण मिळालं, नोकऱ्या मिळाल्या, महापौर-न्यायाधीश होता आलं. आमच्या वस्तीतल्या पोराला जातीचा दाखला मिळवायला वर्षं जातात. शिक्का तोच असला तरी त्यातून बाहेर पडायची वाट सगळ्यांना सारखी मिळत नाही.


दक्षिणवारा

माळरान यांच्या मुद्द्याला जोडून. मी अटलांटात राहते. १८७७ ते १९५० या काळात दक्षिणेत जमावाने मारलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या चार हजारांच्या वर आहे. त्यांच्यासाठी कोणा देशाने राजदूत माघारी बोलावला नाही, बहुतेकांच्या घरच्यांना भरपाईही मिळाली नाही. लुईझियानाच्या उसाच्या मळ्यांवर सिसिलियन मजूर आणले गेले तेच मुळी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या जागी. गोऱ्या मळेवाल्यांच्या नजरेत ते धड गोरे नव्हते, म्हणूनही त्यांच्यावर तशीच वेळ आली. पुढे इटालियनांना गोऱ्यांत जागा मिळाली आणि त्यांतल्या अनेकांनी कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना आपल्या गल्लीत येऊ दिलं नाही. हडसनकाठी, तुमच्या लेखात हे यायला हवं होतं.


हडसनकाठी

दक्षिणवारा, रास्त आहे. तुम्ही लिहिलंत त्यामुळे धाग्यात आलं, बरं झालं.


रानजाई

एक शंका. कोलंबसच्या पुतळ्यांवरून इटालियन लोक एवढे का भांडतात? कोलंबसने इथल्या मूळ लोकांवर काय अत्याचार केले ते आता सगळ्यांना माहीत आहे. त्याला का धरून बसायचं?


तपशीलराव

रानजाई, याचं एक मूळ त्याच १८९१ मध्ये आहे. हत्याकांडानंतर वर्षभराने, १८९२ मध्ये, हॅरिसनने कोलंबसच्या प्रवासाला ४०० वर्षं झाल्याबद्दल देशभर उत्सव जाहीर केला. ज्यांना कालपर्यंत दरोडेखोरांची अवलाद म्हणत होते त्यांना एकदम 'हा देश शोधणारा आमचा' असं म्हणायला मिळालं. कोलंबस त्यांच्यासाठी या देशातल्या आपल्या जागेचा पुरावा झाला. मूळ रहिवाशांचं दुःख त्याने कमी होत नाही, आणि पुतळे हलवावेत असंच माझं मत आहे. कोलोराडोने २०२० मध्ये चांगला मार्ग काढला. कोलंबसचा दिवस काढून मदर कॅब्रिनींच्या नावाने दिवस ठेवला. इटलीतून येऊन अनाथाश्रम, दवाखाने, शाळा उभ्या करणारी ही बाई. इटालियन लोकांना अभिमान वाटावा अशी माणसं कमी नाहीत.

जाता जाता, परेडचा एक किस्सा. २००२ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबस परेडला 'द सोप्रानोज'मधल्या दोन कलाकारांना सोबत न्यायचं ठरवलं. आयोजकांनी त्यांना येऊ देणार नाही म्हटलं. ब्लूमबर्ग परेडला गेलेच नाहीत, त्या दोघांना घेऊन ब्राँक्समध्ये आर्थर अव्हेन्यूला जेवायला गेले. दोन्ही कलाकारही इटालियनच. समाजातच किती मतं आहेत ते यावरून कळतं.


हडसनकाठी

समाजातल्या मतांवरून जोसेफ कोलंबोचं प्रकरण सांगायलाच हवं.

१९७० मध्ये एफबीआयने याच्या मुलाला अटक केली. कोलंबोने एफबीआयच्या कार्यालयासमोर निदर्शनं सुरू केली आणि पाठोपाठ इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग काढली. २९ जूनला कोलंबस सर्कलला हजारो माणसं जमली. त्यांत खरोखर अपमान सोसलेले कामगार होते, दुकानदार होते, शिक्षक होते. त्यांचा राग खराच होता. लीगच्या दबावाने ॲटर्नी जनरलने न्यायखात्याच्या कागदांत 'माफिया' शब्द वापरायला मनाई केली, 'द गॉडफादर'च्या निर्मात्याने पटकथेतून तो शब्द काढला. पण कोलंबो स्वतः न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांपैकी एकीचा प्रमुख होता. बरोबर वर्षभराने, २८ जून १९७१ ला, त्याच चौकात दुसऱ्या मेळाव्यात त्याच्या डोक्यात गोळी घातली गेली. सात वर्षं तो तसाच पडून होता, मग गेला.

मला या प्रकरणाचा सगळ्यात जास्त राग येतो. ज्यांनी समाजाचं नाव घालवलं त्यांनीच समाजाच्या अब्रूचा झेंडा हातात घेतला. त्या मेळाव्यात टोपी घालून उभ्या असलेल्या साध्या माणसाची पुन्हा एकदा फसवणूक झाली, आणि या वेळी आपल्याच माणसाकडून. खरी तक्रार घेऊन पुढे कोणी बोलायला लागलं की लोकांना कोलंबो आठवायचा.


पालेर्मोचा_पाहुणा

मी शिक्षणासाठी सिसिलीत राहिलो आहे, म्हणून तिकडची बाजू. पालेर्मोत माफियाची थट्टा केलेली चालत नाही. प्रत्येकाच्या घरात नाहीतर गल्लीत कोणीतरी गेलेलं असतं. २३ मे १९९२ ला विमानतळाच्या रस्त्यावर कापाचीजवळ बाँब फुटला, माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक गेले. दोन महिन्यांच्या आत, १९ जुलैला, त्यांचे मित्र पाओलो बोर्सेलिनो. अमेरिकेतल्या 'पिझ्झा कनेक्शन' (पिझ्झाच्या दुकानांआडून चालणारा हेरॉइनचा धंदा) खटल्यात फाल्कोनेंनी तिकडच्या वकिलांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं होतं. २००४ मध्ये पालेर्मोतल्या काही तरुणांनी 'अद्दीयोपिझ्झो' चळवळ सुरू केली. खंडणी देणार नाही असं जाहीर करणाऱ्या दुकानांच्या दारावर त्यांचं स्टिकर असतं. मी तिथे असताना मुद्दाम त्याच दुकानांतून सामान घ्यायचो.

स्पेनमध्ये माफियाच्या नावाने उपाहारगृहांची एक साखळी होती. इटलीने हरकत घेतली आणि २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या नावाचा ट्रेडमार्क रद्द ठरवला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत कॅफेच्या भिंतीवर डॉनचं चित्र बघतो तेव्हा मला तिथल्या घरमालकीण आठवतात. त्यांच्या भावाचं हार्डवेअरचं दुकान जाळलं होतं.


ओवी_पार्सिपनी

पाहुणे, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा 'डॉनची रात्र' अशी थीम सुचवली गेलीय. कपडे, सिगार, खेळण्यातल्या बंदुका. मी कार्यकारिणीला या धाग्याची लिंक पाठवते आहे. आमच्या हॉलचा केअरटेकर इटालियन आहे आणि तो दर वर्षी रांगोळीला जागा मोकळी करून देतो. त्याच्यासमोर हे नको.


हडसनकाठी

ओवी, नक्की पाठवा. लागलं तर माझ्याकडूनही पत्र देतो. थीमच हवी असेल तर १९०० च्या आसपासचं न्यूयॉर्क करा. एलिस आयलंडला उतरलेली माणसं, प्रत्येक देशाची. आपल्या पोरांना बाहेरून येणं म्हणजे काय हे तरी कळेल.


रानजाई

सासू-सासरे पुढच्या महिन्यात येताहेत. न्यूयॉर्कमध्ये यातलं काही बघण्यासारखं आहे का? लिटल इटलीत म्हणे आता फक्त हॉटेलं उरलीत.


तपशीलराव

टेनेमेंट म्युझियमला न्या, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट. स्थलांतरित भाडेकरू राहायचे तीच इमारत जपून ठेवलीय. त्यात बाल्दिझ्झी या सिसिलियन कुटुंबाचं १९३० च्या दशकातलं बिऱ्हाड आहे. वडील सुतारकाम करणारे, मंदीत हाताला काम नाही, आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला, सरकारी मदतीच्या धान्यावर घर चालायचं. मुलीने मोठेपणी सांगितलेल्या आठवणींवरून खोल्या मांडल्यात. जिने अरुंद आणि जुने आहेत, सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. आणि तिकीट आधी काढून ठेवा, तिथे गाइडबरोबरच आत सोडतात.